हात माझाच होता

प्रश्न असा आहे: ‘इडिपस बापाला मारणार आणि आईशी लग्न करणार, हे तो जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. मग त्यात त्याचा दोष काय? आणि दोष नसेल तर तो स्वतःचे डोळे का फोडून घेतो? ग्रीक माणसं शेवटी दैववादीच होती, असं समजायचं का?’

नाटकाच्या वर्गात ग्रीक नाटकं शिकवायला लागून मला तीस वर्षं होत आली. सोफोक्लीजचं हे नाटक, जे पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ म्हणून मराठीत आणलं, मी दोनदा उभंही केलं आहे. दरवर्षी कुणीतरी हाच प्रश्न विचारतं आणि मला त्याचा कधी कंटाळा येत नाही. विचारणाऱ्याला त्या राजाबद्दल मनापासून वाईट वाटलेलं असतं, त्याच्यावर अन्याय झाला असं वाटलेलं असतं, आणि तिथूनच हे नाटक कळायला सुरुवात होते.

थोडक्यात उत्तर: इडिपसचा दोष नाही. पण ते त्याच्याच हातून घडलं आहे, आणि दोष नाही म्हणून ‘हातून घडलं’ हे पुसलं जात नाही.

आपल्या भाषेत यासाठी तीन वेगळ्या तऱ्हा आहेत. ‘मी केलं’, ‘माझ्या हातून झालं’ आणि ‘माझ्यावर ओढवलं’. घरात साधी काचेची बरणी फुटली तरी यातलं कुठलं वाक्य बोलायचं ते आपण बरोबर निवडतो. प्रश्न ‘दैव की माणूस’ असा टाकला की पहिलं आणि तिसरं वाक्य उरतं, मधलं गळून पडतं. इडिपसचं सगळं नाटक त्या मधल्या वाक्यात घडतं.

आधी ‘दैव’ म्हणजे काय ते पाहू. ग्रीकांचा शब्द आहे ‘मोइरा’. त्याचा मूळ अर्थ वाटा. होमरच्या काव्यात पंगतीत वाढलेल्या मांसाचा वाटा हाही मोइराच. मराठी वाचकाला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘भाग्य’ हा शब्द ‘भाग’वरून आला, अरबीतून आलेल्या ‘नशीब’चा मूळ अर्थ हिस्सा, ‘किस्मत’चा अर्थ वाटणी. दुःखाबद्दल बोलतानाही आपण ‘वाट्याला आलं’ असंच म्हणतो. फरक पुढे पडतो. आपण म्हणतो तेव्हा वाट्याला सुख येतं, दुःख येतं, आजारपण येतं, वनवास येतो. ग्रीक शोकांतिकेत माणसाच्या वाट्याला कधीकधी एखादं कृत्यच येतं. इडिपसच्या वाट्याला नुसती आपत्ती आलेली नाही, त्याच्या वाट्याला खून आला आहे. आणि खून कुणीतरी हात उचलल्याशिवाय होत नाही.

आपल्याकडचा वाचक इथं नकळत आणखी एक गोष्ट आत घालतो: प्रारब्ध. मागच्या जन्मी काहीतरी केलं असेल, त्याचं हे फळ. वर्गात कुणी बोलून दाखवलं नाही तरी हा हिशेब मनात चालू असतो. पण या नाटकात मागचा जन्म नाही. एवढंच काय, बापाचं पापही सोफोक्लीजनं बाजूला ठेवलं आहे. इ.स.पू. 467 साली एस्किलसनं याच घराण्यावर नाटक केलं होतं. त्यात अपोलो देव थीब्जच्या लायस राजाला, म्हणजे इडिपसच्या बापाला, तीनदा बजावतो की मूल होऊ न देता मेलास तर तुझं नगर वाचेल. लायस ऐकत नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या न ऐकण्यातून येतं. सोफोक्लीजच्या नाटकात ही अटच नाही. तुला आणि तुझ्या राणीला, जोकास्टाला, होणाऱ्या मुलाच्या हातून तू मरशील, एवढंच लायसला सांगितलं जातं. का, ते कुणी सांगत नाही. त्या ‘का’ची जागा नाटककारानं मुद्दाम रिकामी ठेवली आहे, असं माझं मत आहे. आपण तिथं प्रारब्ध बसवलं की हिशेब जुळतो, मन शांत होतं आणि नाटक हातातून निसटतं.

आता जे घडलं ते क्रमानं बघा. कॉरिंथमध्ये राजपुत्र म्हणून वाढलेल्या इडिपसला एका मेजवानीत एक दारू प्यायलेला माणूस म्हणतो, ‘तू बापाचा खरा मुलगा नाहीस.’ तो आईवडिलांना विचारतो. ते त्या माणसावर संतापतात, इडिपसला दिलासा देतात, पण त्याच्या मनातला सल जात नाही. घरी न सांगता तो डेल्फीला, अपोलोच्या देवळात कौल घ्यायला जातो. देवापुढे त्याचा प्रश्न एकच असतो: माझे आईबाप कोण? अपोलो त्याचं उत्तर देत नाही. भलतंच सांगतो: तू बापाला मारशील, आईशी संग करशील.

इथं मी वर्गात नेहमी थांबतो. हा तरुण जो प्रश्न घेऊन गेला होता, तो प्रश्न आता कुठे आहे? तो विसरला. भीती इतकी मोठी झाली की शंका मागे पडली. ‘माझे आईबाप कोण’ हे ठाऊक नाही म्हणून तो निघाला होता, आणि परत फिरताना मात्र ते पक्कं ठाऊक असल्यासारखा कॉरिंथपासून दूर पळतो. अपोलोनं त्याला थीब्जच्या रस्त्याला ढकललेलं नाही. चांगल्या मुलाला आईबापाची काळजी वाटावी तशी त्याला वाटली आणि तो पळाला. यात पाप कुठलं? पण हा निर्णय त्याचा आहे, त्याच्या स्वभावाचा आहे. दुसरा कुणी कॉरिंथला परत जाऊन म्हाताऱ्या राजाला हलवून हलवून विचारत बसला असता.

मग तो तिठा. डेल्फीकडून आणि डॉलियाकडून येणारे रस्ते जिथं मिळतात तिथं समोरून एक गाडी येते. गाडीत म्हातारा, बरोबर चार माणसं. ते त्याला रस्त्यातून जबरदस्तीनं हटवू बघतात. तो गाडी हाकणाऱ्याला मारतो. म्हातारा नेम धरून त्याच्या डोक्यात जनावरं हाकायची दोन टोकांची पराणी हाणतो. इडिपस स्वतः सांगतो की म्हाताऱ्यानं त्याची पुरेपूर परतफेड मिळवली, आणि ‘मी सगळ्यांना ठार केलं.’ हे वाक्य तो जोकास्टाला सांगतो तेव्हा त्यात लाज नाही, थोडी फुशारकीच आहे. देवानं सांगितलं होतं की तू बापाला मारशील. बाकीच्या माणसांबद्दल देव काही बोलला नव्हता.

यावर हुशार विद्यार्थी म्हणतात, ‘सर, एवढी भविष्यवाणी ऐकल्यावर त्यानं आयुष्यात कुठल्याच म्हाताऱ्यावर हात उचलायला नको होता आणि वयानं मोठ्या बाईशी लग्न करायला नको होतं.’ हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण त्यानं नाटकाचं कोडं होऊन बसतं. आपला बाप कॉरिंथमध्ये सुखरूप बसला आहे याची खात्री असलेल्या माणसाला रस्त्यातला अनोळखी म्हातारा आपला बाप असेल असं कसं सुचावं? शहाणपणाची ही अट माणसाच्या आवाक्यातली नाही, आणि तशी ती नाही हेच सोफोक्लीजला दाखवायचं आहे.

या साखळीतली एक कडी तर अशी आहे की ती वाचताना मला दरवेळी गलबलून येतं. तीन दिवसांचं पोर घोटे टोचून, बांधून किथायरॉन डोंगरावर टाकून यायला एका धनगराला दिलं होतं. त्यानं ते टाकलं नाही, कॉरिंथच्या दुसऱ्या मेंढपाळाला दिलं. शेवटी त्याला विचारतात, का दिलंस? तो म्हणतो, ‘दया आली, धनी.’ ज्याला आपण दैव म्हणतो त्याच्या साखळीत एका गरीब माणसाची दया आहे. लायसची भीती आहे, दारुड्याची बडबड आहे, मुलाचं आईबापावरचं प्रेम आहे, तिठ्यावरचा राग आहे. यातली एकही गोष्ट कुणा देवानं वरून येऊन केलेली नाही. सगळी माणसांनी केली, आणि तरी अपोलो म्हणाला होता तसंच झालं.

पण हे सगळं नाटकाच्या आधीचं, हे ध्यानात ठेवा. पडदा उघडतो तेव्हा भाकीत खरं होऊन वर्षं उलटली आहेत: तिठ्यावरचा म्हातारा लायसच होता, इडिपस आता थीब्जचा राजा आहे, लायसची विधवा जोकास्टा त्याची राणी आहे, चार मुलं झाली आहेत. (पडदा म्हणायचं आपल्या सवयीनं. अथेन्समध्ये ॲक्रोपोलिसच्या उतारावर, उघड्यावर, दिवसाउजेडी प्रयोग होत.) रंगमंचावर जे घडतं ते वेगळंच आहे. नगरात साथ आली आहे, जुन्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती जाणार नाही असा डेल्फीचा निरोप आहे, आणि राजा शोध घेतो आहे. हे नाटक साधारण इ.स.पू. 429च्या आसपासचं धरतात आणि अथेन्सवर मोठी साथ आली ती इ.स.पू. 430 साली. म्हणजे प्रेक्षकांत घरचं माणूस गमावलेली मंडळी बसलेली असणार.

शोध घ्यायला राजाला कुणी भाग पाडलेलं नाही. उलट सगळे त्याला थांबवतात. आंधळा द्रष्टा टायरेसियस म्हणतो, मला घरी जाऊ दे. जोकास्टा म्हणते, माणसानं जमेल तसं जगावं, आणि तिला सगळं उमगतं तेव्हा ती विनवते की तुला जिवाची पर्वा असेल तर हे शोधू नकोस. म्हातारा धनगर म्हणतो, देवाशपथ धनी, पुढे विचारू नका. आणि मग ती दोन वाक्यं येतात. धनगर म्हणतो, ‘आता मी भयंकर बोलण्याच्या काठावर आलो आहे.’ इडिपस म्हणतो, ‘आणि मी ऐकण्याच्या. तरी ऐकलंच पाहिजे.’

त्या क्षणी त्याला जवळजवळ सगळं कळलेलं आहे. तो थांबू शकतो. राजा आहे, धनगराला हाकलून देऊ शकतो. डेल्फीच्या कुठल्याही वाणीत ‘तू शोधून काढशील’ असं म्हटलेलं नाही. बापाला मारणं त्याच्या हातून झालं, पण हा शोध त्यानं केला, पूर्ण शुद्धीवर, एकेक प्रश्न विचारत. त्याला मोठा माणूस म्हणायचं ते या ‘ऐकलंच पाहिजे’मुळे.

डोळ्यांचंही तसंच. आत काय झालं ते सांगायला बाहेर आलेला नोकर म्हणतो की ही दुःखं आपणहून ओढवून घेतलेली आहेत, आणि जी दुःखं माणूस स्वतः निवडतो ती सर्वांत जास्त सलतात. टायरेसियसनं आधी चिडून म्हटलं होतं खरं की डोळस आला आहेस तो आंधळा होऊन जाशील. पण पंचांगात ग्रहण लिहिलेलं असतं म्हणून ग्रहण लागत नाही, आणि पुढचं कुणाला दिसतं म्हणून ते त्यानं घडवलं असंही होत नाही.

हा दाखला मी एका मर्यादेपर्यंतच ताणतो, कारण नाटकातला अपोलो नुसता पंचांगकर्ता नाही. रक्तानं माखलेला इडिपस बाहेर येतो, वृद्धांचा कोरस विचारतो की कुठल्या दैवतानं तुझ्याकडून हे करवलं, आणि तो म्हणतो: ‘अपोलो, मित्रांनो, अपोलोनं माझ्या या यातना पुऱ्या केल्या. पण घाव घालणारा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता, माझाच होता.’

पहिल्या वेळी तालमीत आमचा नट पहिला भाग तक्रारीसारखा म्हणायचा आणि दुसरा भाग शरमेनं, आवाज पाडून. दोन्ही वाक्यं उत्तम जायची आणि प्रसंग मात्र उभा राहत नव्हता. शेवटी मी त्याला म्हटलं, दोन्ही एकाच श्वासात, एकाच सुरात घे, जणू एकाच गोष्टीची दोन नावं सांगतो आहेस. तेव्हा ते जमलं. ग्रीकांना इथं विरोध दिसत नव्हता. देवानं केलं आणि मी केलं, या दोन्हींची बेरीज शंभर टक्के व्हायला हवी ही अट आपली आहे. त्यांच्या लेखी देवाचेही शंभर आणि माणसाचेही शंभर असू शकत.

ही जाण फार जुनी आहे. इलियडमध्ये ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन आपल्याच बाजूच्या अकिलीजची बंदिनी हिसकावून घेतो आणि सगळ्या सैन्याचा सत्यानाश ओढवतो. पुढे तो म्हणतो, ‘कारण मी नव्हे. झ्यूस, मोइरा आणि अंधारात फिरणारी सूडदेवता एरिनिस यांनी माझी बुद्धी फिरवली.’ आपल्याला वाटतं, झटकले हात. पण त्याच भाषणात तो म्हणतो, माझी बुद्धी झ्यूसनं हिरावली म्हणूनच मला भरपाई करायची आहे, अमाप द्यायचं आहे. आणि देतो. हे बोलणं आपल्या अर्थानं दैववादी नाही. दैववादी माणूस ‘नशिबातच होतं’ म्हणून उठून जातो.

आता अथेन्सचं न्यायालय मध्ये आणायला हवं, कारण ही नाटकं बघणारी माणसंच ज्यूरीत बसत असत. खुनाचे खटले अथेन्समध्ये वेगवेगळ्या ठिकाणी चालत. जाणूनबुजून केलेला खून ॲरिओपॅगसवर, नकळत झालेला पॅलेडियनमध्ये, ‘मारलं, पण कायद्याला धरून’ असं म्हणणाऱ्याचा डेल्फिनियनमध्ये. म्हणजे हेतू आणि कृत्य यांतला फरक त्यांना कळत नव्हता असं कुणी म्हणू नये. पण गंमत पुढे आहे. नकळत खून करणाऱ्यालाही देश सोडावा लागे. आणि एखादा दगड किंवा लोखंडाचा तुकडा पडून माणूस मेला, तर त्या वस्तूवर खटला चालवून ती सीमेपलीकडे फेकून देत. दगडाचा काय दोष? काहीच नाही. पण त्यानं माणूस मेला आहे, त्याला रक्त लागलं आहे, आणि ते नगरात राहू देता येत नाही.

आपल्याला याची जवळची खूण सुतकात सापडते. सुतक लागलं तर कुणी ‘तुझा दोष काय’ असं विचारत नाही. ते लागतं, ते पाळावं लागतं. ग्रीकांचं ‘मिआस्मा’, म्हणजे रक्ताचा विटाळ, सुतकाहून कितीतरी भयंकर आहे, ते साथ आणतं, पीक जाळतं. पण दोषाशी त्याचा संबंध नसणं दोन्हीकडे सारखंच आहे. इडिपसनं पहिल्याच प्रवेशांत जाहीर शाप दिला होता की खुनी माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी सापडला तरी त्याला हाच शाप लागो. शेवटी तो स्वतःचाच हुकूम स्वतःवर बजावून घ्यायला निघतो, मला हद्दपार करा म्हणतो. जोकास्टाचा भाऊ क्रेऑनच त्याला थांबवतो, देवाला पुन्हा विचारू म्हणून.

चरित्रकार प्लुटार्कनं अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याची एक हकिगत लिहून ठेवली आहे. खेळांच्या स्पर्धेत एकाचा भाला लागून एक माणूस चुकून मेला. पेरिक्लीज आणि तत्त्वज्ञ प्रोटॅगोरस दिवसभर वाद घालत बसले की याला जबाबदार कोण: भाला, फेकणारा, की स्पर्धा भरवणारे? असल्या गोष्टीवर अख्खा दिवस घालवणाऱ्यांच्या गावात सोफोक्लीज लिहीत होता. त्याचे प्रेक्षक आपल्याहून भाबडे नव्हते.

इथंच ‘हमार्तिया’चाही निकाल लावतो, कारण परीक्षेच्या उत्तरांत हा शब्द फार छळतो. ॲरिस्टॉटलनं ‘काव्यशास्त्रा’त म्हटलं की शोकांतिकेचा नायक दुष्टपणामुळे नव्हे, हमार्तियामुळे पडतो, आणि उदाहरण इडिपसचंच दिलं. आपण त्याचं ‘स्वभावदोष’ करून टाकलं, मग सगळे राजाचा गर्व आणि राग शोधत बसतात. तो तापट आहे हे खरं, क्रेऑनशी आणि टायरेसियसशी तो वाईट वागतो. पण तापट असण्याची ही शिक्षा नव्हे. हमार्तिया ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ नेम चुकणं. भाला सोडला एकीकडे, लागला भलतीकडे. ॲरिस्टॉटलनंच नीतिशास्त्रात आणखी एक बारीक गोष्ट सांगितली आहे जी मला काव्यशास्त्राइतकीच मोलाची वाटते. अज्ञानातून केलेलं कृत्य ‘इच्छेविरुद्ध’ कधी म्हणायचं? कळल्यावर करणाऱ्याला त्याचं दुःख होतं तेव्हाच. ज्याला दुःखच होत नाही त्याचं कृत्य ‘इच्छेविरुद्ध’ झालं असं म्हणता येत नाही. म्हणजे इडिपस निर्दोष आहे याचा पुरावा त्याच्या अज्ञानात अर्धाच आहे, उरलेला अर्धा त्याच्या आक्रोशात आहे.

एस्किलसकडे जरा वेगळं चित्र आहे, पण गाठ तीच. इ.स.पू. 472च्या ‘पर्शियन्स’मध्ये इराणच्या डरायस राजाचं भूत युद्ध हरलेल्या मुलाबद्दल, झर्क्सीसबद्दल सांगतं की शाप होताच, मला वाटलं होतं खूप उशिरा फळेल, पण माणूस स्वतःच घाई करतो तेव्हा देवही हातभार लावतो. इ.स.पू. 458च्या ‘ओरेस्टिया’ या तीन नाटकांच्या मालिकेत ट्रॉयला निघालेलं अगामेम्नॉनचं जहाजांचं दळ ऑलिस बंदरात अडकतं, मुलीचा बळी मागितला जातो. न द्यावा तर अनर्थ, द्यावा तर अनर्थ. कोरस म्हणतो, त्यानं अपरिहार्यतेच्या जुवाचा पट्टा गळ्यात चढवला. क्रियापद बघा. जू अपरिहार्यतेचं आहे, पण ते चढवणारा तो आहे. आणि त्यानंतर, कोरस सांगतो, त्याचं मनच बदललं, काहीही करायला धजू लागलं. नाइलाजानं उचललेलं पाऊल एकदा पडल्यावर तो ते हिरीरीनं पुढे नेतो. हे ज्यानं पाहिलं त्याला माणसं ठाऊक होती.

पुढे अगामेम्नॉनची बायको क्लायटेम्नेस्ट्रा त्याला मारते. आधी ताठ मानेनं म्हणते, ‘मी केलं.’ मग कोरसनं घराण्याच्या शापाचं नाव काढताच तिला वाट सापडते: हे मी केलं असं म्हणू नका, या घराण्याचं जुनं सूड घेणारं भूत माझ्या रूपानं आलं होतं. कोरसचं उत्तर सगळ्या विषयाचा गाभा आहे. तू यात निर्दोष आहेस, याची साक्ष कोण देईल? पण ते भूत तुझं साथीदार असू शकतं. साथीदार! देवाची भूमिका नाकारली नाही आणि बाईला सोडलंही नाही. मालिकेतल्या दुसऱ्या नाटकात तिचा मुलगा ओरेस्टिस तलवार घेऊन समोर उभा राहतो तेव्हा ती पुन्हा तेच काढते, यात मोइराचाही हात होता, बाळा. ओरेस्टिस म्हणतो, मग तुझं हे मरणही मोइरानंच आणलं आहे. ‘दैव’ ही सबब एकदा काढली की ती दोन्हीकडून कापते.

(त्याच त्रयीचा शेवट शोकात होत नाही. ॲरिओपॅगसवर मतं समसमान पडून ओरेस्टिस सुटतो. ‘शोकांतिका’ हा आपला शब्द आपल्याला इथं थोडा फसवतो.)

युरिपिडीजकडे आलं की सबबी अजून उघड्या पडतात. इ.स.पू. 415च्या ‘ट्रोजन विमेन’मध्ये जिच्यावरून ट्रॉयचं युद्ध पेटलं ती हेलन बचाव करते की प्रेमदेवता ॲफ्रोडाइटीनं मला नेलं, देवीपुढे माझं काय चालणार. ट्रॉयची म्हातारी राणी हेक्युबा तिला सुनावते: माझ्या मुलाला, पॅरिसला पाहिलंस आणि तुझं मनच तुझी ॲफ्रोडाइटी झालं. आणि त्याच्याच दुसऱ्या नाटकातली मिडिया स्वतःच्या पोरांना मारायच्या आधी स्वच्छ म्हणते की मी काय भयंकर करणार आहे ते मला कळतं आहे, पण माझा संताप माझ्या विचारांपेक्षा बलवान आहे. तिथं दैवाला जागाच उरत नाही. ते पूर्णपणे ‘मी केलं’ आहे. म्हणून तर ‘मिडिया’ बघताना इडिपससारखी कीव येत नाही, अंगावर काटा येतो.

शेवटी पुन्हा इडिपसकडे, कारण सोफोक्लीजही त्याच्याकडे परत गेला. नव्वदीला टेकलेला असताना त्यानं ‘इडिपस कोलोनसमध्ये’ लिहिलं. कोलोनस हे त्याचं स्वतःचं गाव. तो गेल्यावर, इ.स.पू. 401 साली, त्याच्याच नावाच्या नातवानं ते रंगमंचावर आणलं. हे नाटक वाचल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर पुरं होत नाही.

इथला इडिपस म्हातारा, आंधळा भिकारी आहे आणि आता तो तिसरं वाक्य बोलतो. ‘माझी कृत्यं मी केली त्याहून जास्त मी सोसली आहेत.’ क्रेऑन त्याला जुनं सगळं काढून हिणवतो तेव्हा तो उलट विचारतो: आत्ता इथं कुणी तुला मारायला आला तर तू आधी ‘तू माझा बाप आहेस का’ असं विचारशील, की हात उचलशील? कायद्यानं मी शुद्ध आहे, म्हणतो, न जाणता हे झालं. वकिलाला शोभेल असा बचाव, आणि खराही. पुष्कळ वाचक इथं थांबतात आणि म्हणतात, बघा, शेवटी सोफोक्लीजनं त्याला सोडवलं.

पण थोडं पुढे वाचा. अथेन्सचा राजा थीसियस त्याच्या पळवून नेलेल्या मुली सोडवून आणतो. म्हातारा भारावून जातो, म्हणतो, तुझा उजवा हात दे, मला तो हातात घेऊ दे. आणि तोच चपापतो. काय बोललो मी? ज्याच्या अंगी सगळे डाग वसलेले आहेत अशा माणसाला तू शिवावंस असं मी कसं म्हणेन? नाही, मी शिवू देणार नाही. तिथूनच माझा नमस्कार घे. कायद्यानं शुद्ध असलेला माणूस पुढे केलेला हात मागे घेतो. कुणी सांगितलेलं नाही. आधीच्या नाटकात ज्या हाताबद्दल ‘माझाच होता’ म्हणाला होता, तोच हा हात. दुसऱ्या वेळी नाटक केलं तेव्हा मी दोन्ही नाटकांतले हे प्रसंग एकापाठोपाठ नटाकडून करून घेत असे, कारण पहिला हात दुसऱ्याशिवाय समजत नाही.

मग गडगडाट होतो. त्याची वेळ भरली आहे. देवराईत तो कुणाच्या आधाराशिवाय, आंधळा असून सगळ्यांच्या पुढे चालत जातो. मुलींचा निरोप घेतो. शांतता पसरते. आणि देवाचा आवाज येतो, पुन्हा पुन्हा, कुठून ते कळत नाही. त्या हाकेत मराठीत एक गोष्ट स्पष्ट करता येते जी कितीतरी भाषांत करता येत नाही. ग्रीकमध्ये तिथं प्रथमपुरुषी अनेकवचन आहे, आणि मी ते ‘आम्ही’ न करता ‘आपण’ करतो, ऐकणाऱ्याला आत घेणारं. ज्या देवांनी हे सगळं त्याच्या वाट्याला घातलं त्यांच्यातलाच कुणीतरी, हातून झालेल्या सगळ्याचं ओझं वाहून थकलेल्या त्या म्हाताऱ्याला हाक मारतो: ‘अरे, अरे इडिपस, आपण निघायला का थांबलो आहोत?’